१९३९ चा रेल्वेवाला पिक्चर, आणि शेजारी बसलेले आप्पा

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू सरळ नाहीये. पिक्चरचा आहे, डीव्हीडीचा आहे, भाड्याने आणलेल्या प्रोजेक्टरचा पण आहे आणि बराचसा आमच्या आप्पांचा आहे, कारण ते शेजारी नसते तर मी हा पिक्चर अर्ध्यात बंद करून झोपलो असतो.

पिक्चरचं नाव युनियन पॅसिफिक. १९३९ चा, ब्लॅक अँड व्हाइट, सव्वादोन तासांचा. डायरेक्टर सेसिल बी. डमिल, तोच तो टेन कमांडमेंट्सवाला. बार्बरा स्टॅनविक, जोएल मॅक्री, रॉबर्ट प्रेस्टन, आणि एका छोट्या रोलमध्ये तरुण अँथनी क्विन, जो मला ओळखूच आला नाही. अमेरिकेत पूर्वेकडून पश्चिमेकडे सलग रेल्वे टाकली त्याची गोष्ट. आमच्या ऑफिसातला एक जुन्या पिक्चरांचा वेडा आहे, त्याने सांगितलं की रेल्वेवाल्या बापाला दाखवायचा असेल तर हाच दाखव.

आप्पा म्हणजे माझे वडील. लोणावळ्याच्या बाजूला गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार, म्हणून लागले, मुकादम होऊन रिटायर झाले, ३८ वर्षं रुळावर. आता त्या पोस्टला ट्रॅक मेंटेनर की काय म्हणतात, आप्पा अजून गँगमनच म्हणतात. पिक्चर हा प्रकार त्यांना चालत नाही. अमिताभ असो नाहीतर दादा कोंडके, वीस मिनिटांनी उठून बाल्कनीत. आमचा फ्लॅट दापोडीला, बाल्कनी रुळाकडे तोंड करून, फ्लॅट घेताना बिल्डर त्याबद्दल ओशाळून बोलत होता आणि आप्पांनी तोच फ्लॅट घ्यायला लावला. तर यंदा त्यांना ७५ पूर्ण झाली म्हणून म्हटलं काहीतरी त्यांच्या आवडीचं करू.

आता डीव्हीडी. ऑनलाइन मागवली, तीन आठवड्यांनी आली, खोका चेपलेला पण डिस्क ठीक. प्लेअरमध्ये टाकली तर स्क्रीनवर एरर. झालं काय तर डीव्हीडीला कुठल्या देशांत चालायचं त्याचा रीजन कोड असतो, ती अमेरिकेतली रीजन १ ची डिस्क आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. हे विकणाऱ्याने कुठे म्हणजे कुठे लिहिलं नव्हतं, आणि मेसेज केला तर उत्तर काय, सर प्लेअर बदलून बघा. अरे वा. म्हणजे चारशेच्या डिस्कसाठी मी चार हजारांचा प्लेअर घ्यायचा. लॅपटॉपच्या ड्राइव्हला पण रीजन असतो आणि तो मोजून पाच वेळा बदलता येतो, नंतर कायमचा लॉक, त्यामुळे उगाच तिथे खेळ करू नका, मी दोन वेळा घालवून बसलो. शेवटी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर व्हीएलसी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुकाट्याने चालली. प्रिंट चांगली आहे, मधेमधे दाणे दिसतात पण चेहरे स्वच्छ, आवाज जुना असला तरी खरखर फार नाही. सबटायटल फक्त इंग्लिश, म्हणजे घरातल्या अर्ध्या पब्लिकसाठी मीच सबटायटल.

प्रोजेक्टर पेठेतल्या एका दुकानातून एका रात्रीसाठी आणला, ८०० रुपये भाडं आणि दोन हजार डिपॉझिट. दुकानदाराचा ॲटिट्यूड असा की आपण प्रोजेक्टर नाही त्याची मुलगी मागायला आलोय. केबल वेगळी, तिचे १०० वेगळे. सोसायटीच्या गच्चीवर टाकीच्या भिंतीला पांढरी चादर लावली, लॅपटॉप स्टुलावर, आणि जानेवारीची थंडी म्हणून आप्पा कानटोपी घालून, आई शाल घेऊन, बायको, माझी पाचवीतली मुलगी ओवी आणि खालच्या मजल्यावरची दोन पोरं जी भेळ आहे कळल्यावर आली. प्रोजेक्टर चालतो बरा पण त्याच्या पंख्याचा आवाज इतका की पहिली दहा मिनिटं मला वाटलं पिक्चरमधलंच इंजिन आहे.

सुरुवातच भारी आहे बरं का. नावं येतात ती रुळांवर मांडल्यासारखी येतात आणि रुळांबरोबर लांब लांब जात बारीक होतात, पुढे स्टार वॉर्समध्ये ती अक्षरं आकाशात जातात ना, साधारण तसं. बाकी सगळे भेळ वाटून घेत होते. आप्पांनी कानटोपी कानावरून वर केली.

थोडं बॅकग्राउंड सांगतो कारण पिक्चरमध्ये हे सगळं भाषणांमध्ये उडवून लावलंय. १८६२ साली लिंकनने कायद्यावर सही केली आणि दोन कंपन्यांना काम मिळालं. युनियन पॅसिफिक नेब्रास्कातल्या ओमाहापासून पश्चिमेकडे निघाली आणि सेंट्रल पॅसिफिक कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपासून पूर्वेकडे. सरकार मैलामागे बाँड देणार, सपाटीला १६ हजार डॉलर, पुढे ३२ हजार, डोंगरात ४८ हजार, वर रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन. मी हे आप्पांना सांगितलं तर त्यांनी भेळेचा चमचा खाली ठेवला.

"मैलावर पैसं? मग वळसं घेत आसतील की रं."

आणि घेतलेच होते ना! ओमाहातून निघता निघताच ९ मैलांचा वळसा घातला होता युनियन पॅसिफिकच्या लोकांनी. पुढे युटामध्ये तर दोन्ही कंपन्यांच्या मातीकाम करणाऱ्या टोळ्या एकमेकींच्या शेजारून पुढे निघून गेल्या, कारण कुठे भेटायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं, आणि दोघींचं मीटर चालू. ज्या माणसाने आयुष्यभर ठेकेदाराची खडी मोजून घेतली त्याला हे एका वाक्यात कळलं, मला त्यासाठी लायब्ररीतलं अख्खं पुस्तक वाचायला लागलं होतं.

स्टोरी पटकन सांगतो कारण स्टोरीत काही नाही. हिरो जेफ हा रेल्वेचा भानगडी निस्तरणारा माणूस. त्याचा लढाईतला जुना जिगरी दोस्त डिक आता जुगाराच्या अड्डेवाल्याकडे कामाला, आणि तो अड्डेवाला एका बड्या बँकरच्या पैशावर रेल्वेचं काम लांबवायला बसलेला, कारण बँकरने पैसा लावलाय समोरच्या कंपनीवर. मधे मॉली, इंजिन ड्रायव्हरची मुलगी, रेल्वेच्या डब्यातलं पोस्ट ऑफिस सांभाळते. दोघांचं तिच्यावर प्रेम. मजुरांचा पगार लुटला जातो, गैरसमज होतात, नको त्याच्याशी लग्न होतं. आई अर्ध्या तासात म्हणाली, "दोस्त मरणार बघ शेवटी." तिला हिंदी पिक्चरचा साठ वर्षांचा अनुभव आहे. स्टॅनविक मात्र झकास. आयरिश ढंगाचं इंग्लिश बोलते, हसते, भांडते, धावत्या डब्यांतून उड्या मारत फिरते, आणि तिच्यासमोर हिरो रुळाखालचा लाकडाचा आडवा स्लीपर वाटतो. हे वाक्य माझं नाही, आप्पांचं आहे.

पण माझी खरी तक्रार व्हिलनबद्दल आहे. पिक्चर असं दाखवतो की रेल्वे टाकणारे सगळे देवमाणूस आणि घाण करणारा एक बाहेरचा बँकर. खरं काय होतं? युनियन पॅसिफिकच्या आतल्याच लोकांनी क्रेडिट मोबिलिए नावाची एक ठेकेदार कंपनी ताब्यात घेतली, तिला म्हणजे स्वतःलाच वाट्टेल त्या दराने काम दिलं, आणि तिचे शेअर संसदेतल्या लोकांना स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये वर्तमानपत्रात हे बाहेर आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. पिक्चर युनियन पॅसिफिकचं नाव घेऊन काढायचा, ओमाहाला गावभर जुने पोशाख घालून धूमधडाक्यात प्रीमियर करायचा, मग असलं कशाला कोण दाखवेल. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे ठेकेदार बी त्योच आन् बिल पास करणारा सायब बी त्योच." आणि असे हसले की खोकला आला.

आता मुद्द्याची गोष्ट. रूळ.

या पिक्चरमध्ये जिथे जिथे हिरो आणि हिरोइन पुढे उभे राहून बोलतात तिथे मागे गँग काम करत असते. मला ते दिसलंच नव्हतं. आप्पांना फक्त तेच दिसत होतं. "थांबीव, थांबीव" असं त्यांनी निदान पंधरा वेळा केलं, बायको वैतागली, खालच्या मजल्यावरची पोरं भेळ संपवून निघून गेली. एका सीनला मागे घण चालतात, आप्पा चादरीजवळ जाऊन उभे राहिले, त्यांच्या पाठीवर जोएल मॅक्रीचा चेहरा, आणि बोट दाखवून ओवीला सांगतात, बघ, घण मारताना हात कोपरात वाकला की कमरेत धरतं, ह्याचा हात सरळ हाय, हा माणूस खरा कामाचा, आणि तो त्याच्या पलीकडचा टोपीवाला, त्यो नाटक्या. मी परत मागे घेऊन बघितलं. खरंच तो टोपीवाला नुसता घण वर करत होता, खाली येताना जीव नव्हता.

डॉग स्पाइक, म्हणजे रूळ स्लीपरला धरून ठेवणारे खिळे, आप्पांच्या सुरुवातीच्या काळात लाकडी स्लीपरला असायचेच. ते म्हणाले आम्ही लागलो तेव्हा कुठे कुठे लाकडी स्लीपर होते, मग लोखंडी, मग सिमेंटचे आले आणि घणाचं काम गेलं, क्लिपा आल्या. सिमेंटचा एक स्लीपर अडीचशे किलोच्या वर जातो, तो काय चार माणसांनी खांद्यावर घ्यायचा नाही. पण रूळ उचलायचा तर जुनी पद्धत सगळीकडे सारखीच असणार, मुकादम एक ओळ म्हणणार आणि बाकीचे हैय्या करणार. पिक्चरमध्ये ओळी नाहीत, बॅकग्राउंडला बँड वाजतो. आप्पांच्या मते ही मोठी चूक आहे, कारण ओळीशिवाय पंधरा माणसांचा जोर एका टायमाला लागत नाही, बँड लावून तर नाहीच नाही.

मध्यंतराला, म्हणजे आम्हीच केलेल्या मध्यंतराला, लॅपटॉप गरम झाला होता, मी त्यांना दहा मैलांची गोष्ट सांगितली. ही या पिक्चरमधली नाही, समोरच्या कंपनीची आहे. २८ एप्रिल १८६९, सेंट्रल पॅसिफिकच्या लोकांनी एका दिवसात १० मैल आणि वर ५६ फूट रूळ टाकले. आप्पा म्हणाले, खोटं. मग म्हणाले, रूळ केवढा होता? म्हटलं ३० फुटी, ५६० पाउंडाचा एक. कानटोपीतून चष्मा काढला, लाइट बिलाच्या पाठीवर पेन घेऊन बसले. दहा मैल म्हणजे ५२,८०० फूट, भागिले तीस, गुणिले दोन, ३,५२० रूळ. एक रूळ अडीचशे किलोचा धर. जवळजवळ नऊशे टन लोखंड. उचलणारे किती? म्हटलं आठ आयरिश लोक. माणशी शंभर टनाच्या वर, एका दिवसात. बराच वेळ त्या बिलाकडे बघत बसले. आमच्या रुळाचा मीटर ५२ किलोचा, तेरा मीटरचा तुकडा पावणेसातशे किलो, पण तो आम्ही दिवसातून असा किती वेळा उचलायचो, असं स्वतःशीच चाललेलं.

मग एकदम, "आन् खडी? स्लीपर कुणी हाथरलं? ते बी आठ जनांनीच?"

नाही ना. ते चिनी मजुरांनी. सेंट्रल पॅसिफिकच्या कामावर दहा हजारांहून जास्त चिनी माणसं होती, कामगारांतले बहुतेक तेच, सिएरा नेव्हाडाच्या ग्रॅनाइटमधून बोगदे त्यांनीच काढले, पगार गोऱ्यांपेक्षा कमी. त्या आठ आयरिश माणसांची नावं लिहून ठेवलेली आहेत. बाकीच्या हजारांची नाहीत. आप्पांनी विचारलं ते या पिक्चरात दिसतील का, म्हटलं नाही, हा पिक्चर युनियन पॅसिफिकच्या बाजूचा आहे, इकडे आयरिश आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धातून सुटलेले सैनिक. ते काही बोलले नाहीत. बिलाची घडी करून खिशात ठेवली, ते लाइट बिल अजून मला परत मिळालेलं नाही.

इथे मला घाट आठवल्याशिवाय राहीना. अमेरिकेत ही दोन टोकं चालू व्हायच्या आधीच आपल्या बोर घाटात काम सुरू होतं, १८५६ ते १८६३. पुणे–खंडाळा गाडी १८५८ ला सुरू पण झाली होती, पण मुंबईहून येणाऱ्याने खोपोलीला उतरायचं आणि घाट डोलीने नाहीतर पायी चढायचा, मग वर परत गाडी. २५ बोगदे, ३७ ला १ असा चढ, १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजार माणसं कामावर. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसात वारला, मग त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका सोडला नाही, माणसं नेमून पुरा करून घेतला. सांगा, यात पिक्चरचं मटेरियल नाही? एक बाई, एवढा घाट, पाऊस, पटकी, आणि आपले लोक यावर पिक्चर काढणार नाहीत. आप्पांना ट्रेडवेलबाई माहीत नव्हती, पण जुनं रिव्हर्सिंग माहीत होतं, जिथे गाडी उलटी फिरून पुढच्या चढाला लागायची, १९२९ मध्ये लाइन बदलली तेव्हा ते बंद झालं. तिथल्या दगडी बांधकामावर बसून त्यांनी जेवणाचे डबे खाल्लेत.

आता तो हल्ल्याचा सीन. नेटिव्ह लोक, म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, पाण्याची मोठी टाकी रुळावर पाडतात आणि गाडी त्यावर आदळते. तांत्रिकदृष्ट्या ८५ वर्षांपूर्वीचं काम म्हणून बघितलं तर थरारक आहे, डबे मोडतात ते खरे वाटतात, हिरो हिरोइन दोस्त तिघं मोडक्या डब्यात अडकलेले, तारेवरून मदत मागितलेली, आणि सैनिकांची गाडी जळत्या लाकडी पुलावरून येते तो भाग तर ओवी उभं राहून बघत होती. पण त्याआधी गाडी लुटताना त्या लोकांना जे बावळट दाखवलंय, कापडाचे तागे घोड्यांना बांधून उधळत पळतायत, ते बघून मला कसंतरी झालं. गंमत म्हणजे ताग्यांची गोष्ट खरी आहे. ऑगस्ट १८६७ मध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ शायान जमातीच्या नेटिव्ह लोकांनी मालगाडी पाडली होती आणि खरंच तागे घोड्यांना बांधले होते. पण पिक्चर ते का पाडतात याबद्दल एक शब्द बोलत नाही. त्यांच्या शिकारीच्या रानातून ही लाइन गेली, कळप संपायला लागले, करार मोडले, यातलं काही नाही. नुसते आरडाओरडा करून मरतात. ओवीने विचारलं, "बाबा, ते वाईट आहेत का?" मी काहीतरी लांबलचक सुरू केलं, त्याच्या आधी आप्पा म्हणाले, "जमीन कुनाची व्हती ते इचार आधी तुझ्या बापाला." आप्पांच्या आजीचं माहेर मुळशीच्या धरणाखाली गेलेलं. ती म्हणे उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचा कळस बघायला जायची.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हा भाग सोबत बसूनच दाखवा, असं माझं मत.

बर्फाचा सीन यापेक्षा भारी आहे आणि तिथे आप्पांचा संताप झाला. घाई असते म्हणून डोंगरात बर्फावरच रूळ टाकतात, आणि गाडी नेतात, आणि अर्थातच जे व्हायचं ते होतं, इंजिन कोसळतं, मॉलीचा म्हातारा बाप ड्रायव्हर त्यात जातो. १८६९ च्या हिवाळ्यात युनियन पॅसिफिकने खरंच गोठलेल्या मातीवर आणि बर्फावर रूळ टाकले होते, ते काही लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. आई डोळे पुसत होती. आप्पा चादरीकडे हात करून ओरडत होते.

"आरं कॉशन कुठंय? झेंडीवाला कुठंय? म्होरं एक मानूस चालत न्हाई धाडला?" कॉशन म्हणजे गाडी हळू न्यायची सूचना.

मग त्यांनी सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, ७५ वर्षांत त्यांना कुणी विचारलं नसेल, मी तर नाहीच. पावसाळ्यात घाटात रात्रीची पेट्रोलिंग असायची, हातात बत्ती, कमरेला डिटोनेटरचा, म्हणजे धोका सांगायला रुळावर लावायच्या फटाक्यांचा, डबा. मंकी हिलच्या खाली एका रात्री दरडीचा आवाज आला, दिसत काही नव्हतं, धुकं, नुसता ओल्या मातीचा वास आला. ते म्हणाले वास आधी येतो. बत्ती वाऱ्याने विझली. तसेच मागे पळाले, स्लीपर मोजत, कारण अंधारात पाय कुठे पडतो ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि रुळावर डिटोनेटर लावले. गाडी त्यावरून गेली, धडाधड वाजले, ड्रायव्हरने ब्रेक मारला. पुढे काय? पुढे काही नाही, दरड छोटी निघाली, दोन तासांत लाइन मोकळी, सकाळी पीडब्ल्यूआय साहेबांनी, म्हणजे रुळांच्या देखभालीवरच्या साहेबांनी, विचारलं बत्ती का विझली. एवढंच. आईला सुद्धा हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला म्हणाले होते पाय मुरगळलाय म्हणून." पिक्चर पॉजवर होता, चादरीवर बर्फात पडलेलं इंजिन, प्रोजेक्टरचा पंखा चालू.

तेवढ्यात खालून एक मालगाडी गेली, लोणावळ्याकडे. आम्हाला रोजचंच. आप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. थड थड थड थड असं एका लयीत येत होतं. "चाक फ्लॅट झालंय. मधल्या वाघिनीचं." आणि मग, "हां, चालू कर आता."

दोन्हीकडचे रूळ जोडले तेव्हाच्या सोन्याच्या खिळ्याचा शेवटचा सीन छान मांडलाय, गर्दी, दोन इंजिनं समोरासमोर. ती तारीख १० मे १८६९, जागा युटातली प्रोमाँटरी समिट, आणि तारेवरून देशभर एकच शब्द गेला होता, झालं, एवढाच. दोन्ही बाजूंचे मिळून १,७७६ मैल. पिक्चरमध्ये दोस्ताचा हिशोब पण तिथेच चुकता होतो, आई माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. आप्पांचं म्हणणं सोनं मऊ असतं, घणाने मारलं तर डोकंच चेपेल. बरोबर आहे! त्यासाठी आधीच भोक पाडून ठेवलेलं होतं, खिळा नुसता बसवला आणि समारंभ झाल्यावर काढून घेतला, तो आता स्टॅनफर्डच्या म्युझियममध्ये आहे. त्याच्या जागी साधा लोखंडी मारला. "मग त्यो लोखंडी कुनी मारला त्ये दाखवा की," आप्पा.

तर बघावा का? जुन्या पिक्चरची सवय असेल तर जरूर. स्टोरी घिसीपिटी, हिरो बेताचा, नेटिव्ह लोकांचं चित्रण लाजिरवाणं, इतिहास सोयीचा. पण इंजिनं खरी आहेत, नेव्हाडातल्या एका जुन्या रेल्वेची वाफेची इंजिनं विकत घेऊन वापरलेली, आणि ते वजन पडद्यावर कळतं, आजच्या कॉम्प्युटरवर केलेल्या गाड्यांना ते नाही. १९३९ चं पहिलं कान फेस्टिव्हल युद्धामुळे रद्द झालं होतं, त्याचं बक्षीस २००२ मध्ये मागाहून याला दिलं, ते ऐकून मला वाटलं होतं काहीतरी महान कलाकृती असेल, तसं नाहीये, मसाला आहे, चांगल्यापैकी मसाला. मी पाचपैकी तीन देईन. आप्पांनी रुळाच्या कामाला दहापैकी आठ दिले आणि सेफ्टीला शून्य. डीव्हीडीला दोन, रीजन बघितल्याशिवाय कुणी घेऊ नका. प्रोजेक्टर मशीनला तीन, दुकानाला एक, कारण सकाळी परत द्यायला गेलो तर पट्ट्यावर ओरखडा म्हणून दोनशे कापले, तो ओरखडा आदल्या दिवशी मी फोटो काढून ठेवला होता तरी कापले.

परत आलो तर आप्पा बाल्कनीत फोनवर. कर्जतला त्यांचे एक जुने गँगमधले मित्र असतात, त्यांना पिक्चर सांगत होते, कान बारीक झालेत दोघांचे त्यामुळे खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी चहा घेऊन उभा राहिलो. आठ जण, ३,५२० रूळ, बर्फावर लाइन, झेंडी नाही, हे सगळं झालं. अर्धा तास. त्यात मॉली नाही, जेफ नाही, व्हिलन नाही, दोस्ताचं मरण नाही. पलीकडून काहीतरी विचारलं असणार, हिरो कोण म्हणून.

आप्पा थोडं थांबले. "हां, व्हता एक. हात सरळ व्हता त्याचा. मागं काम करत व्हता, नाव न्हाई दिलं."

आणि मग लगेच, "तुझ्याकडं ती लाकडी स्लीपरवाली घणाची काठी हाय का रं अजून?"